काळी, पांढरी आणि विहिरीचे पाणी

आमच्या गावात पाण्याच्या दोन तऱ्हा होत्या. वेशीच्या आतल्या गावविहिरीचे पाणी मचूळ. ते धुण्याभांड्याला, जनावरांना चाले. पण त्यात डाळ शिजत नसे आणि पाहुण्याला ते देण्याची लाज वाटे. प्यायचे पाणी बायका ओढा ओलांडून रानातल्या विहिरीवरून आणीत. त्या विहिरींपैकी एक आमच्या मळ्यात होती, आजोबांनी पाडलेली. सकाळी मोट सुटायच्या वेळी तिथे घागरींची रांग लागे. आजी म्हणायची, "पांढरीचं पाणी खारट, काळीचं गोड. देवानं वाटणीच तशी केलीया."

काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसलेली जागा. हे दोन शब्द आपल्या जुन्या कागदपत्रांत जोडीनेच येतात. ही वाटणी आपल्या हयातीत उलटी होईल असे मला कधी वाटले नव्हते.

गेल्या वर्षी नात बाळंतपणाला आली. तिला दूध पुरेना म्हणून बाळाला वरचे दूध सुरू करावे लागले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पावडर कालवायला पाणी कुठलं?" मी अभिमानाने सांगितले, "आमच्या मळ्यातल्या विहिरीचं. तीन पिढ्या गाव ते पाणी प्यालंय." ते म्हणाले, "एकदा तपासून घ्या, आणि तोवर नळाचं वापरा." तपासणीचा कागद आला. त्यावर नायट्रेटपुढे जो आकडा होता तो ४५ च्या मर्यादेपलीकडे गेला होता. पाणी उकळून द्यावे का, असे मी विचारले तेव्हा कळले की उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि उरलेल्यात ते दाट होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी १९७४ पासून २००६ पर्यंत गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. या शिवारात जो युरिया पडला त्यातला बराचसा माझ्या सहीने पडला. किती पोती आली, कुणाला किती गेली, कुणाची बाकी किती, याचा माझा हिशेब कधी चुकला नाही. पण पोते रानात रिकामे झाल्यावर त्यातल्या नत्राचे पुढे काय झाले, याचे खाते माझ्या कुठल्याच वहीत नव्हते. निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली आहे, म्हणून ते खाते आता मांडून पाहतो आहे. ते माझ्या वहीपेक्षा बरेच जुने निघाले.

सुरुवात पांढरीपासूनच करतो. दिवाळीच्या फटाक्याच्या दारूत गंधक आणि कोळशाबरोबर जो सोरा असतो, तो म्हणजे पोटॅशियमचे नायट्रेट. कारखाने नव्हते तेव्हा हा सोरा जुन्या गावठाणांच्या मातीतून निघत असे. गोठ्यातले मूत्र, शेण, चुलीची राख आणि माणसांची घाण शेकडो वर्षे एका जागी मुरली की मातीतले जिवाणू त्यातल्या नत्राचे नायट्रेट करतात. उन्हाळ्यात ते भिंतींच्या पायथ्याशी पांढरे होऊन वर येते. बिहारमधले नुनिया लोक ती माती खरवडून, पाण्यात विरघळवून, आटवून सोरा काढीत. सतराव्या-अठराव्या शतकांत डच आणि इंग्रज कंपन्यांची जहाजे तो पाटण्याहून भरून नेत आणि युरोपातल्या तोफा त्यावर चालत. आपल्याकडे पांढरीची माती गाड्या भरून काळीत टाकायची चाल होती. शेतकऱ्याला नायट्रेट हा शब्द माहीत नव्हता, पण त्या मातीने पीक हिरवे होते हे माहीत होते. गावविहिरीचे पाणी मचूळ का, याचे उत्तरही इथेच आहे. त्याच मुरलेल्या घाणीतले क्षार पावसाबरोबर झिरपून विहिरीत उतरत होते.

म्हणजे नायट्रेट ही परदेशातून आलेली वस्तू नव्हे. ते पांढरीत साचे आणि काळीत कमी पडे. जुन्या शेतीची सगळी खटपट, उकिरडा, मेंढ्या बसवणे, ताग गाडणे, कडधान्याचा फेर, ही पांढरीतले काळीत नेण्याची आणि तिथे टिकवण्याची होती.

ते टिकत नाही, हे मोजून दाखवणारे पहिले मोठे काम इंग्लंडमध्ये झाले. जॉन बेनेट लॉज हा खताचा कारखानदार. त्याने रोथॅमस्टेड इथल्या आपल्या इस्टेटीवर १८४३ मध्ये जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन प्रयोग सुरू केले. ब्रॉडबॉक नावाच्या शेतात दरवर्षी गहू. एका पट्ट्याला शेणखत, दुसऱ्याला अमोनियाचे क्षार, तिसऱ्याला काहीच नाही. १८४९ मध्ये त्या पट्ट्यांखालून निचऱ्याच्या भाजक्या नळ्या घातल्या गेल्या. १८६६ पासून त्या नळ्यांतून वाहणारे पाणी ऑगस्टस फोल्कर या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. घातला होता अमोनिया, पण पाण्यात तो जवळजवळ नव्हता. होते ते नायट्रेट. जितके खत जास्त, तितके नळीतले नायट्रेट जास्त. खत पिकाच्या आधी, हिवाळी पावसाच्या तोंडावर घातले तर तोटा आणखी मोठा.

याचे कारण मातीच्या स्वभावात आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून धन भाराचा अमोनिया त्यांना चिकटून राहतो. नायट्रेटवरही ऋण भारच असतो, त्यामुळे माती त्याला धरत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे ते जाते. युरियाचा अमोनिया आणि अमोनियाचे नायट्रेट व्हायला आपल्या उष्ण हवेत काही दिवस पुरतात. तेवढ्यात मुळांनी उचलले तर ते पिकाचे, नाहीतर पाण्याचे.

१८७० मध्ये रोथॅमस्टेडला आणखी एक प्रयोग झाला. मातीचे ठोकळे जागच्या जागी विटांच्या भिंतींनी वेगळे केले आणि त्यांवर ना पीक घेतले ना खत घातले. तरीही खालच्या पाण्यात वर्षानुवर्षे नायट्रेट येत राहिले. उघडी, मोकळी पडलेली जमीन स्वतःचेच नत्र गमावते, असा त्याचा अर्थ. खत विकणाऱ्यानेच खताच्या गळतीचा हिशेब ठेवला आणि छापला, ही गोष्ट मला, एका सोसायटीच्या सेक्रेटरीला, फार लागली.

या फोल्करचा मुलगा जॉन ऑगस्टस फोल्कर हाही शेतीरसायनशास्त्रज्ञ झाला आणि त्याला सरकारने हिंदुस्थानची शेती पाहायला पाठवले. त्याचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. इथला चांगला शेतकरी इंग्लंडच्या शेतकऱ्याहून कमी नाही, असे त्याने स्वच्छ लिहिले. त्याला इथे दिसले ते नत्राचे दुर्भिक्ष. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात होत्या. बापाने नत्र वाहून जाताना पाहिले होते, मुलाने ते जळून जाताना पाहिले.

पुढचा धडा आपल्या इंदूरचा आहे. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड तिथे आले आणि होळकरांच्या राज्यात त्यांनी कापूस संशोधनाची संस्था उभी केली. शेतातला काडीकचरा, शेण आणि मूत्र मुरलेली माती यांपासून खत करण्याची जी 'इंदूर पद्धत' जगभर गेली, तिच्यावरचे १९३१ चे पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी मिळून लिहिले. वाडांचे नाव आपण विसरलो. कंपोस्टबद्दल बोलताना लोक हॉवर्डांची आणखी एक शिकवण सांगत नाहीत. पहिल्या पावसाबरोबर तापलेल्या जमिनीत नायट्रेटचा एकदम भरणा होतो. रान उघडे असेल तर पुढच्या झडीत ते धुऊन जाते. हिरवे काही उभे असेल, अगदी तणसुद्धा, तर ते त्यात अडकते आणि गाडल्यावर परत मिळते. मृगाच्या पेरणीची घाई आणि तागाचा बिवड यांमागचे शास्त्र ते हेच.

पण तोवर नत्राचे दुर्भिक्ष संपवणारी गोष्ट जर्मनीत घडून गेली होती. फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया केला आणि १९१३ मध्ये कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना चालू केला. आपल्याकडे १९५१ मध्ये सिंद्रीचा सरकारी कारखाना सुरू झाला. साठीच्या दशकात बुटके गहू आणि नव्या भातजाती आल्या. त्यांना खत हवे होते आणि देशाला धान्य. त्या काळची टंचाई, रेशनचा मिलो मी खाल्ला आहे. त्यामुळे युरियाला शिव्या देणाऱ्यांत मी नाही. ज्या पोत्याने माझ्या पिढीचे पोट भरले, त्याला विष म्हणणे कृतघ्नपणा होईल.

चूक पोत्यात नव्हती, मापात होती. १९७७ मध्ये खताच्या किमती धरून ठेवणारी सरकारी योजना आली. १९९२ च्या ऑगस्टमध्ये स्फुरद आणि पालाशाची खते नियंत्रणमुक्त झाली, त्यांचे भाव चढले. युरियाचा भाव मात्र सरकारच्या हातात, म्हणून स्वस्त राहिला. त्या वर्षीची माझी वही मी परत काढून पाहिली. मिश्रखताची मागणी खाली गेली आहे आणि युरियाची वर. त्याच सुमारास आमच्या भागात तंबाखू आणि जोंधळा मागे पडून ऊस पसरत होता. नदीवरून उपसा योजना, विहिरीवर मोटार, साऱ्यांत सोडलेले पाटपाणी. शेतकरी खिडकीशी येऊन म्हणत, "सेक्रेटरी, दोन पोती जास्तीची लिवा की वो, ऊस पिवळा पडलाय." ऊस पुष्कळदा साचलेल्या पाण्याने पिवळा पडलेला असे. मला ते कळत होते. तरी मी लिहीत होतो, कारण पोते खपले की सोसायटीचा आकडा सुधारे आणि शेतकरीही खूश होई.

जास्तीचे म्हणजे किती, ते पाहू. कर्नाटकात उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी शंभर. पन्नास किलोच्या पोत्यात २३ किलो नत्र, म्हणजे एकरी साडेचार पोत्यांत ते भागते, आणि त्यात शेणखताचे नत्र धरलेलेच नाही. घातलेल्या नत्रापैकी पीक साधारणपणे तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत उचलते. उरलेल्यातले काही हवेत उडते, काही मातीत राहते, काही पाण्याबरोबर खाली जाते. आता एक छोटे गणित. एक किलो नत्र नायट्रेटच्या रूपात विहिरीच्या पाण्यात उतरले, तर सुमारे एक लाख लिटर शुद्ध पाणी ४५ च्या मर्यादेला नेण्यास ते पुरे होते. एका पोत्यातले पाच किलो नत्र जरी गळाले, तरी पाच लाख लिटर पाणी गेले.

ही ४५ ची मर्यादा कुठून आली? १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी दोन तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुले निळी पडत होती. दोघांचे दूध शेतावरच्या उथळ विहिरीच्या पाण्यात कालवलेले होते. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करते आणि प्राणवायू पोहोचत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळांना हा धोका सर्वांत जास्त. आईच्या दुधावरचे बाळ त्यातून वाचते. पुढे तिथल्या पाहणीवरून लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेटमधले नत्र ही मर्यादा ठरली. तेच नायट्रेटच्या वजनात मांडले की सुमारे ४५ होतात. आपल्या भारतीय मानकानेही हाच आकडा घेतला आहे आणि त्यात सवलत ठेवलेली नाही. कॉम्लींनी सांगितलेल्या विहिरी कशा होत्या? गोठ्याजवळच्या, कच्च्या, उघड्या. म्हणजे आजीच्या भाषेत पांढरीच्या विहिरी. नंतरच्या ऐंशी वर्षांत हेच दुखणे काळीपर्यंत गेले.

त्याच आयोवात डी मॉइन हे शहर रॅकून नदीचे पाणी पिते. वरच्या खोऱ्यात मका आणि सोयाबीन, आणि शेतांखाली ब्रॉडबॉकसारख्याच निचऱ्याच्या नळ्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शहराला नायट्रेट काढण्याचे यंत्र बसवावे लागले. २०१५ मध्ये शहराच्या पाणी खात्याने वरच्या जिल्ह्यांवर दावा लावला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. २०२५ च्या जूनमध्ये नदीतले नायट्रेट इतके वाढले की त्या भागातल्या लोकांना अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायची बंदी झाली. यंत्र होते, दावा झाला, पण वरच्या रानातला हिशेब बदलला नाही.

डेन्मार्कने तो बदलला. १९८६ मध्ये तिथल्या समुद्रात प्राणवायूअभावी मेलेले शेवंडे दूरचित्रवाणीवर दिसले आणि लोक हादरले. १९८७ मध्ये सरकारने शेतातली नत्राची गळती निम्म्यावर आणायचे ठरवले. शेणमूत्र साठवायला पुरेशा टाक्या, शरद-हिवाळ्यात ते पसरण्यावर बंधने, पीक निघाल्यावर रान हिरवे ठेवणे आणि प्रत्येक शेतकऱ्याने नत्राची जमाखर्चाची वही लिहिणे. २००३ पर्यंत गळती जवळजवळ निम्मी झाली. यात कुठलीही जादू नव्हती. मला तर ती वहीच सर्वांत मोठी वाटते.

आपल्याकडचे चित्र केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात आहे. देशभरच्या तपासलेल्या नमुन्यांत दर पाचांमागे एकात नायट्रेट मर्यादेबाहेर. राजस्थान आणि कर्नाटकात जवळजवळ निम्म्यांत, महाराष्ट्रात तिसऱ्या हिश्शाहून अधिक नमुन्यांत. म्हणजे सीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, खडकाखालच्या पाण्याने कुठलाच आयोग मानलेला नाही. हे सगळे युरियाचेच पाप असे मात्र म्हणता येत नाही. गावोगावचे शोषखड्डे, उघडी गटारे, गोठ्यांचे ढीग यांचाही त्यात वाटा आहे. पंचगंगेला उन्हाळ्यात जी जलपर्णी माजते, तिला शहरांचे सांडपाणी आणि शेतातला निचरा दोन्ही पोसतात. पण गावापासून दूर, चहूबाजूंनी ऊस असलेल्या माझ्या विहिरीत गटार कुठून येणार?

आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पाणी उशिरा बोलते. इंग्लंडच्या खडूच्या खडकात नायट्रेट वर्षाला साधारण मीटरभर खाली सरकते. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी नांगरलेल्या जुन्या कुरणांचे नत्र तिथल्या पाण्यात कित्येक दशकांनी उतरले. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि खालचा खडक फटींचा, म्हणून आपल्याकडे काही पाणी पहिल्या पावसातच थेट खाली जाते, तर काही मुरत मुरत. आज हात आखडला तरी उद्या विहीर गोड होणार नाही. पण आज आखडला नाही तर नातवंडांच्या काळातही ती होणार नाही.

मी काय केले ते सांगतो. एक तर मुलाला विहिरीचे पाणी हेही खतच आहे हे वहीत मांडून दाखवले. ४५ च्या पाण्यात लिटरला दहा मिलिग्रॅम नत्र असते. एकराला एक पाटपाणी म्हणजे सुमारे तीन लाख लिटर. त्यातून तीन किलो नत्र रानात येते. वर्षाच्या पंचवीस पाण्यांत पाऊणशे किलो! शिफारस शंभरची. ते सगळेच उसाला मिळते असे नाही, पण ते शून्य धरणे हा आपला वेडेपणा होता. माती तपासून आम्ही या वर्षी युरिया निम्म्यावर आणला, तोही चार हप्त्यांत, मातीआड करून, आणि आभाळ भरलेले असताना नाही. ठिबक बसवले, म्हणजे पाणी मुळाखाली जात नाही. खोडव्यात पाचट जाळले नाही आणि मोकळ्या तुकड्यात ताग टाकला. ऊस पिवळा पडला नाही.

विहिरीचे पाणी आता दर उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर तपासायला पाठवतो. आकडा अजून मर्यादेखाली आलेला नाही. तो कदाचित मला दिसणारही नाही. जुन्या सोसायटीच्या वहीसारखीच एक लाल पुठ्ठ्याची वही आणली आहे. डाव्या पानावर रानात काय घातले ते, उजव्या पानावर विहिरीत काय सापडले ते. उजवे पान मी आयुष्यभर कोरे ठेवले होते. पणतू लिहायला शिकला की वही त्याच्या स्वाधीन करायची आहे. तोवर त्याचे पाणी नळाचे.